नऊ नंबरचं सीरम

“ताई, मला बगू द्या की एकदा,” हौसाबाई म्हणाली.

तिचे हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होते. मी मान वर केली नाही. मायक्रोस्कोपवरून डोळा हलवला की पुन्हा तीच जागा सापडायला वेळ लागे.

“काय बघायचंय तुम्हाला?”

“सर्जाचं रगत. सकाळधरनं त्येच्याच मागं हायसा न्हवं?”

“अजून अर्धा तास तरी लागेल.”

“लागू द्या की. मी काय पळून चालले व्हय? ह्या नळ्याबी हायतच.”

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मिरजेच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. आमच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिला जाड हिरवा पडदा. मायक्रोस्कोपसाठी अंधार हवा म्हणून तो दिवसभर ओढलेला असे. दुपारी उन्हं पडद्यावर आली की सगळी खोली विहिरीच्या तळासारखी व्हायची. मी, माझ्या काचा, कोपऱ्यातलं सेंट्रीफ्यूज आणि मोरीपाशी हौसाबाई, असे सगळे त्या हिरव्या पाण्यात बुडालेले. बाहेर कुणी बोललं तर आवाज वरून, काठावरून आल्यासारखा वाटे.

हौसाबाई काचसामान धुवायची. धुतलेल्या नळ्या पडद्याच्या फटीतल्या उजेडात धरून ती एकेक तपासायची. आत एक जरी थेंब चिकटून राहिला तर ती म्हणायची, “ह्यो रुसलाय,” आणि नळी पुन्हा धुवायला घ्यायची.

सर्जेराव हा तिचा दुसरा मुलगा. एकोणीस वर्षांचा होता. खो-खो खेळायचा आणि खांबावर सूर मारण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. सतराव्या वर्षी त्याची कंबर दुखायला लागली. घरात आधी सगळे हसले, मग चिडले. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं की मणक्याचा टीबी आहे. चार महिने तो पाठीला प्लास्टर बांधून अंथरुणावर पडून राहिला. प्लास्टर काढलं तेव्हा त्याला वाकून स्वतःच्या चपला घालता येईनात. टीबीची औषधं चालूच होती. आता पुन्हा सहा महिन्यांचं प्लास्टर सांगितलं होतं, येत्या सोमवारपासून.

हे सगळं हौसाबाईनं आमच्या डॉक्टर इनामदार बाईंना नळ्या पुसता पुसता सांगितलं होतं. बाई अर्धं ऐकत होत्या, अर्धं वाचत होत्या.

“बाई, डाक्टर म्हणत्यात पडून ऱ्हा. पर ह्ये पोरगं पडलं की जास्त धरतंय. सकाळी उठतंय त्ये लाकूड. दोन तास हिंडलं की माणूस.”

इनामदार बाईंनी कागद खाली ठेवला. “पुन्हा सांगा. हिंडल्यावर बरं वाटतं?”

“व्हय की. पडलं की वंगाळ. ह्येचा बापबी तसलाच. रात्री उठून अंगणात फेऱ्या मारायचा.”

बापाची हकीकत मला माहीत होती. तो हळदीच्या बाजारात हमाल होता. तिशीच्या आतच त्याची पाठ कमानीसारखी वाकली आणि मान धरली. मागं पाहायचं तर त्याला पावलांसकट सगळं अंग फिरवावं लागे. एक ट्रक मागं येत होता. लोक ओरडले, पण त्याला वेळेत वळता आलं नाही. हौसाबाई हे सांगताना कधी रडली नाही. एवढंच म्हणाली होती, “आवाज आला आसंल त्येला. दिसलं न्हाई.”

इनामदार बाईंनी सर्जाला बोलावून घेतलं. कमरेच्या सांध्याचा एक्स-रे पाहिला. तिथं सांध्याची रेघ पुसट झाली होती. मग त्या मला म्हणाल्या, “शैला, ह्याचं बी-सत्तावीस कर.”

एचएलए बी-सत्तावीस ही पांढऱ्या पेशींच्या अंगावरची एक खूण आहे, आईकडून किंवा वडिलांकडून आलेली. शंभर धडधाकट माणसं उभी केली तर त्यांतल्या चार-पाचांत ती सापडते आणि बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. पण मणका हळूहळू जोडत नेणारा जो संधिवात आहे, तो झालेल्या बहुतेकांमध्ये ती असते. म्हणजे खूण सापडली म्हणून रोग आहे असं होत नाही. पण एका बाजूला टीबी आणि दुसऱ्या बाजूला हा संधिवात असं पारडं डगमगत असेल, तर त्या खुणेचं वजन पडतं. इथं तर दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध होते. एकात सहा महिने हलायचं नाही. दुसऱ्यात एक दिवसही पडून राहायचं नाही.

आज ही तपासणी यंत्र करतं. तेव्हा आम्ही ती हातानं करायचो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. त्या नळीत दुधावरच्या सायीसारख्या वर येत. मग तळहाताएवढ्या ताटलीतल्या बारीक खळग्यांत सुईच्या टोकाएवढं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारं पिवळसर पाणी, सोडायचं, त्यात पेशी घालायच्या आणि वाट पाहायची. त्या सीरमला खूण सापडली तर पेशी मरतात आणि रंग पिऊन काळवंडतात. नाही सापडली तर चमकत राहतात.

आणि ते सीरम यायचं बायकांकडून. ज्यांची तीन-चार, पाच बाळंतपणं झालीत अशा बायकांकडून. बाळाच्या रक्ताचे थोडे कण आईच्या रक्तात उतरतात. त्यांच्यावर बापाकडच्या खुणा असतात. आईचं अंग त्या ओळखायला शिकतं आणि बाळंतपणागणिक ती ओळख पक्की होत जाते. आम्ही बाळंतिणींना विचारून थोडं रक्त घ्यायचो. शंभर बायकांत एखादीचं सीरम असं निघायचं की ते एकच खूण नेमकी ओळखेल. आमच्याकडे एक नियम होता. बाटलीवर बाईचं नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा.

बी-सत्तावीससाठी आमच्याकडे तीन सीरमं होती. दोन बाहेरून मागवलेली, ती उन्हाळ्यात वीज जाऊन फ्रीजरमध्ये वितळली आणि निकामी झाली. उरलं आमचं स्वतःचं नऊ नंबर. चाळीस माणसांच्या पेशींवर आम्ही ते पारखलं होतं.

मी बाईंना हे सांगितलं.

“नऊ नंबर. ह्या मुलावर.”

“दुसरं नाहीच.”

“पुस्तकात बसत नाही गं हे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “कर. दुसरा नमुना मुंबईला पाठव, पक्कं करायला. पण मुंबईचं उत्तर येईपर्यंत सोमवार उलटून गेलेला असेल.”

तर तो शनिवार होता आणि मी ताटली भिंगाखाली धरून बसले होते.

आधी नुसत्या खारट पाण्यासारख्या निरुपद्रवी सीरमचा खळगा पाहिला. सगळ्या पेशी जिवंत होत्या, गोल आणि उजळ, कडेला सोनेरी रेघ. मला त्या नेहमीच फार आवडत. अंधारात खाली खोल कुठंतरी गाव आहे आणि घराघरांत दिवे लागलेत, आपण वरून तरंगत चाललोय, असं वाटे. मग पुढचे तीन खळगे. तिन्हींत नऊ नंबर होतं.

गाव विझलं होतं. तिन्ही ठिकाणी, जवळजवळ पूर्ण.

मी पुन्हा मोजलं. मग शांतपणे श्वास सोडला. सोमवारचं प्लास्टर टळलं होतं. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, “या हौसाबाई. बघा.”

तिनं हात तीनदा पुसले आणि माझ्या खुर्चीवर अवघडून बसली. मी तिला एक डोळा मिटायला शिकवलं. बराच वेळ तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग ती एकदम स्थिर झाली.

“आगं बया! तांदूळ सांडल्यागत. समदं चकाकतंय. ह्यो माझा सर्जा?”

“हो.”

“मग बरंच हाय की त्येचं!” ती हसली. “आजून दावा.”

मी ताटली सरकवली.

तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं. “ह्ये विझल्यात.”

“हो.”

“ह्येबी सर्जाचंच?”

“त्याचंच. त्याच्यात ती खूण आहे, म्हणून ते तसे झाले. ह्याचा अर्थ चांगला आहे, हौसाबाई. आता प्लास्टर...”

“काय घातलं ह्यांच्यात?”

 तिनं भिंगावरून डोळा काढला. टेबलावर बर्फाच्या भांड्यात छोटी बाटली उभी होती. हौसाबाईला अक्षरं येत नसत, आकडे येत. आकड्यांवरूनच तर ती नळ्या लावायची.

“नऊ,” ती म्हणाली. “सुमीच्या येळंला माझं रगत घेतलं व्हतं. मागनं मी हितं कामाला लागले तवा तुमीच म्हणला व्हता न्हवं, ‘हौसाबाई, आमच्याकडं तुमचं नाव नऊ’?”

मी खरं तेच सांगायचं असं मानणारी मुलगी होते. शास्त्र शिकलेल्या माणसानं दुसरं काय करायचं?

“हो,” मी म्हटलं. “ते तुमचंच आहे.”

तेवढ्यात दारातून इनामदार बाईंची हाक आली. “शैला, झालं का? त्या प्लास्टरवाल्या डॉक्टरांचा फोन आलाय, थांबलेत ते.”

आणि मी धावले. ताटलीचे आकडे कागदावर खरडले आणि धावले. फोनवर बाई बोलत होत्या, मी शेजारी उभी राहून आकडे सांगत होते. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा मोरीपाशी कुणी नव्हतं. नळ्या सगळ्या उपड्या घालून ठेवल्या होत्या, नीट, आकड्यांप्रमाणे.

सोमवारी प्लास्टर झालं नाही. इनामदार बाईंनी सर्जाला गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवला. रोज अर्धा तास पालथं पडायचं. मग उताणं होऊन छातीचा व्यायाम. दुसऱ्या माणसानं त्याच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवून दाब द्यायचा आणि सर्जानं श्वासानं ते हात वर उचलायचे. बरगड्या मणक्याला जिथं मिळतात तिथले सांधेही हा आजार धरतो. रोज जोर दिला नाही तर छातीचा पिंजरा घट्ट होत जातो.

“हे आईनंच करायचं,” बाई त्याला म्हणाल्या. “तिच्या हातात ताकद आहे. सहा महिने, एक दिवस चुकवायचा नाही. आत्ता सुटलं तर सुटलं, नाहीतर वडिलांची पाठ आठव.”

हौसाबाई त्या दिवशी आली नव्हती. रजेवर आहे असं कळलं. मला वाटलं, मुलासाठीच घेतली असेल.

अकराव्या दिवशी सर्जा एकटा आला. बाई बाहेरगावी होत्या म्हणून मीच टेप घेऊन त्याची छाती मोजली. श्वास सोडून, मग भरून. पाच सेंटिमीटरचा फरक हवा. पहिल्या दिवशी दोन होता. आजही दोनच होता.

“व्यायाम करतोस ना?”

“करतोय की.”

“हात कोण ठेवतं?”

“सुमी.”

सुमी म्हणजे सुमन, त्याची सात वर्षांची धाकटी बहीण.

“अरे, तिच्या हातानं काय होणार? आई कुठाय?”

त्यानं शर्टाची बटणं लावली. सगळी लावून झाल्यावर म्हणाला, “ताई, एक इचारू? आईला कसला रोग झालाय का? खरं सांगा, मी घाबरणार न्हाई.”

“का रे?”

“आई मला शिवत न्हाई. ताट लांबनं सरकवती. हातरूण सुमी घालती. परवा मला उठता येईना, तर हात द्यायचा सोडून शेजारच्या काकांस्नी हाक मारली तिनं. इचारलं तर म्हणती, ‘माझं रगत वंगाळ हाय.’ येवढंच. म्हणून म्हटलं, तुमी तपासलं आसंल तर...”

तो बोलत राहिला. मला तो दुरून, विहिरीच्या काठावरून बोलल्यासारखा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. धुकं होतं. हळदीच्या वखारींमागची ती गल्ली सगळी पिवळट दिसत होती आणि धुक्यालाही हळदीचा वास येत होता. घराचं दार उघडं होतं. आत चटईवर सर्जा उताणा पडला होता आणि सुमन त्याच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवून, जीभ दातांत धरून जोर लावत होती. हौसाबाई बाहेर पायरीवर बसली होती, आत पाठ करून.

“दाबून धर गं,” ती न बघता म्हणत होती. मग तिनं मला पाहिलं. “या ताई. सुमे, पाट आण.”

मी पाट न घेता तिच्याशेजारी पायरीवरच बसले. ती थोडी सरकली.

“हौसाबाई, मी त्या दिवशी अर्धंच सांगून पळाले.”

“पुरं झालं की तेवढं. म्या डोळ्यानं बगितलं. इकडं तांदूळ, आन् माझं रगत पडलं तितं कोळसा.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “नवऱ्याची पाठ देवानं मोडली म्हणत व्हते मी. पोराची कुणी मोडली त्ये कळलं. नऊ म्हैनं माझ्याच रगतात व्हतं न्हवं त्ये.”

“नाही. ते नंतर, बाळंतपणागणिक वाढत गेलं. सर्जा तुमचा दुसरा. तो पोटात असताना तुमच्या रक्तात ते बहुधा नव्हतंच.”

मला वाटलं, झालं. हाच मुद्दा मी रात्रभर घोळवून आणला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“मग त्येच्या मागनं तीन झाली. सुमी शेवटची. तिच्या येळंला तर भरून व्हतं आसंल.”

आत सुमनचे हात थांबले. मला हे सुचलंच नव्हतं. तिघा मुलांना ह्या प्रश्नासमोर उभं करून मी एकाला सोडवायला आले होते.

“बाळामागनं पडणारी वार पाहिलीय ना तुम्ही?” मी विचारलं.

“बगायची काय? पाच पुरल्यात. ह्याच अंगणात. हळदकुकू लावून, वर धोंडा ठिवून. सुमीची तर दवाखान्यातनं मागून आणली.”

“तुमचं रक्त आणि पोराचं रक्त वारेत शेजारी शेजारी येतं, पण एक होत नाही. मध्ये पडदा असतो. दाणापाणी पलीकडं जातं. आणि तुमच्या रक्तातलं हे जे नऊ नंबर आहे ना, ते बापाची खूण शोधत निघतं. पण वारेच्या अंगावरही बापाचीच खूण असते. त्याला ती तिथंच सापडते आणि ते तिथंच मुरून जातं. पोरापर्यंत पोचत नाही. पाचही वारांनी हेच केलं.”

तिनं अंगणाकडे पाहिलं. धुक्यात तिथं फक्त एक दोरी आणि वाळत घातलेलं परकर-पोलकं दिसत होतं.

“आन् काचंवर?”

“काचेवर वार नव्हती. शिवाय एक गोष्ट मी सांगितलीच नाही. नुसत्या तुमच्या सीरमनं तिथं काही झालं नसतं. वरून मी सशाचं सीरम घातलं होतं. पेशी त्यानं मारल्या. तुमचं कुणाला मारत नाही. तुमचं फक्त ओळखतं. बोट दाखवतं, की ही बघा, इथं आहे खूण. आणि सर्जाची पाठ तुमच्या रक्तानं धरलेली नाही. उलट कशानं धरली ते त्यानं सांगितलं. ते नसतं तर तो आत्ता प्लास्टरमध्ये असता.”

ती पदराच्या टोकानं पायरीवरची न दिसणारी धूळ पुसत राहिली.

“वळकतं म्हंजी,” ती हळू म्हणाली, “कुनाला वळकतं म्हणला?”

“त्याच्या बापाला. बापाकडून आलेल्या खुणेला.”

“त्येंला जाऊन सा वर्सं झाली.”

“तरी.”

“त्येंचा फोटूबी न्हाई घरात,” हौसाबाई म्हणाली. “सुमी इचारती, आप्पा कसं दिसत व्हतं. मलाच आता नीट आठवत न्हाई. आन् रगतात अजून...” ती मध्येच थांबली. तिनं दोन्ही तळहात समोर धरून पाहिले, सोड्यानं भेगाळलेले, पांढरट. माझ्याकडे पाहून एकदम म्हणाली, “ताई, तुमी लई शिकला. पर अर्धं सांगून पळायचं कुठल्या शाळंत शिकला?”

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, “चुकलं माझं.”

“चुकलंच.”

ती उठली. दारात क्षणभर थांबली, मग आत गेली. “सर गं सुमे. चहाचं आधण ठेव ताईंला.” ती चटईशी गुडघे टेकून बसली. सर्जा छताकडे पाहत होता. मान तिच्याकडे पूर्ण वळत नव्हती, म्हणून त्यानं फक्त डोळे वळवले. तिनं हात पुढं केले, मागं घेतले, पदराला पुसले आणि त्याच्या बरगड्यांवर ठेवले.

“वड श्वास.”

त्यानं घेतला. हात जागचे हलले नाहीत.

“ह्यो श्वास व्हय? अकरा दिस पोरीसंगं खेळत व्हतास का रं?”

“आई, तुझं हात लई जड हायत.”

“आसंनात. तू उचल.”

सर्जानं डोळे मिटले. त्याच्या गळ्याची शीर फुगली, कपाळावर घाम आला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या श्वासाला तिचे हात वर गेले, बोटाच्या पेराएवढे, आणि तिनं ते तिथंच, वरच, धरून ठेवले.